आमची वाटचाल : यादीत नसलेलं दुकान

अमळनेरात तबला-ढोलकीचं दुकान आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणीबाणी उठली त्या सुमारास टाकलं. सोबतीला एक मिस्तरी होते. खोड मिस्तरींचं, कातडं आप्पांचं. शिसम, खैर, बाभूळ, जे हाताला लागेल ते मिस्तरी आतून पोखरून द्यायचे. भिंत जाड राहिली तर आप्पा काही न बोलता खोड परत त्यांच्या पुढ्यात सरकवायचे. कागदावर भागीदारी कधी झाली नाही आणि भांडणही नाही. मिस्तरींची गोल पटाशी अजून वापरात आहे. पातं तेच, मूठ मी बदलली.

मधल्या वर्षांबद्दल काय लिहायचं? भजनी मंडळं, शाळा, राज्य नाट्य स्पर्धेची हौशी मंडळी, वैशाखात बोरी नदीच्या पात्रातली सखाराम महाराजांची यात्रा, दत्तजयंतीला सारंगखेडा. काम होतं, आम्ही करत होतो.

शाईबद्दल, म्हणजे वाद्याच्या कातड्यावरच्या काळ्या गोलाबद्दल, मात्र लिहायलाच हवं. शाई आम्ही दुकानातच घोटतो. लोहकीस आणि भाताची खळ. एक पातळ थर लावायचा, दगडाने घोटायचा, मग पुढचा. शाईला बारीक भेगा पडल्याशिवाय तबला गुंजत नाही. नव्या गिऱ्हाइकाला हे पटवताना घसा बसतो, कारण त्याला आरशासारखी गुळगुळीत शाई हवी असते. तशी बाजारात मिळते. वाजत नाही, एवढंच.

पारोळ्याकडचे एक ढोलकीवाले आमच्याकडे आप्पांच्या उमेदीपासून येतात. तमाशाच्या फडात सगळे त्यांना दादा म्हणतात. फड नगरकडे असो की नाशिककडे, पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, चढवायची तर आमच्याच हातची. आले की ढोलकी गल्ल्यावर ठेवून म्हणणार, “आप्पा, मनी ढोलकी बोलस का नही, देख बरं.” मग स्वतःच थाप मारून बघणार.

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवशी देश बंद झाला. आमच्या धंद्यात चैत्र-वैशाख म्हणजे काय, हे जत्रेवर पोट असणाऱ्याला सांगायला नको. फडांची वाद्यं तयार होऊन फळीवर होती. फडाची उधारी अक्षय तृतीयेनंतर, सुपाऱ्यांचे, म्हणजे ठरलेल्या खेळांचे, पैसे सुटले की मिळते. सुपाऱ्याच रद्द झाल्या तर मागायचं कोणाला? फडमालकच दारोदार फिरत होते. पुढचा हंगामही तसाच गेला. मिस्तरींनी सावलीत वाळवून ठेवलेला शिसमाचा साठा होता, तो मी फर्निचरवाल्याला विकला. ढोलकीच्या लाकडाचे सोफ्याचे पाय झाले. आप्पा त्या दिवशी दुकानात आले नाहीत.

त्या श्रावणात दादा मोटारसायकलवर आले. रावेरकडे केळीच्या बागेत मजुरी करत होते, बोटांवर चिकाचे काळे डाग. सुपारी एकही नाही, तरी पुडी बदलायला आणलेली. मी म्हटलं, “दादा, पुडी शाबूत आहे.” “पडून पडून ढिली झाली,” म्हणाले. रोख पैसे दिले आणि वहीतली मागची बाकीही चुकती करून माझ्याकडून खोडून घेतली.

२०२१ मध्ये सरकारने ५६ हजार कलावंतांना प्रत्येकी ५००० रुपयांची एकरकमी मदत जाहीर केली. चांगलं केलं. आम्ही चौकशीला गेलो तर विचारलं, “तुम्ही वाजवता का?” “नाही, बनवतो.” “मग तुम्ही व्यापारी.”

२०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली, १८ व्यवसायांची. त्यात सुतार आहेत, चर्मकार आहेत, खेळणी करणारे, फुलांचे हार करणारे, मासेमारीची जाळी विणणारेही आहेत. वाद्य करणारा नाही. खोड पोखरताना मी सुतार, कातड्याची वादी ओढताना चर्मकार, पण दोन्ही एकाच वस्तूत केलं की यादीबाहेर. “सुतार म्हणून फॉर्म भर,” असं एकाने सुचवलं. आप्पांनी साफ नाही म्हटलं. पुढच्याच वर्षी मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे वाद्य करणारा सरकारला दिसतो, फक्त ढोलकीपर्यंत नजर पोचायची आहे.

२०२५ मध्ये १८०० भजनी मंडळांना साहित्य खरेदीसाठी २५ हजार रुपये द्यायचं ठरलं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका शोरूमने लगेच पेटी, पखवाज, टाळ असा नेमका २५ हजारांचा संच काढला, छापील बिलासकट. आमच्या जुन्या मंडळांनीही तिकडूनच घेतलं. दोन महिन्यांत त्यातले पखवाज शाई उडून आमच्याकडे आले. अनुदान खरेदीला आहे, दुरुस्तीचे पैसे मंडळांनी वर्गणी काढून दिले. वर तो शोरूमवाला स्वतःची दुरुस्तीची कामंही माणसाहाती आमच्याकडे पाठवतो आणि परत नेल्यावर वर आपलं स्टिकर चिकटवतो. शाई बघून ओळखणारे ओळखतात.

विषय निघालाच आहे तर सांगतो. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास असतो, ढोलकी गाडीच्या डिकीत ठेवू नका. कार्यक्रम संपला की ताण देणाऱ्या कड्या उतरवा, ताणलेली पुडी रात्रीतून फाटते. हात सटकावा म्हणून पावडर टाकू नका, ती शाईच्या भेगांत जाऊन बसते आणि मग आवाज बसला म्हणून आमच्या नावाने बोंब मारता.

सध्या मी, एक पुतण्या आणि सकाळच्या वेळी आप्पा, एवढेच काम करतो. आप्पा फक्त शाई घोटतात. दसऱ्याला फड बाहेर पडतात, तेव्हा ज्यांना तोवर वाद्य हवं त्यांनी पोळ्याच्या आत आणून टाकावं. गणपतीच्या गर्दीत घाईने घोटलेली शाई आम्ही देत नाही. शोरूममधून आलेल्या कामाला दर वेगळा आहे, तो दुकानात विचारावा.