तासाभरानंतर पोरांना काय यायला हवं?

गोव्यात वेर्ण्याच्या पठारावरच्या एका औषध कारखान्यात मी प्रशिक्षण विभागात आहे. मी शिकवत नाही. ज्यांच्या हातात काम आहे, त्यांना तासाची आखणी करायला मदत करते. आमच्या धंद्यात बरंचसं प्रशिक्षण म्हणजे एसओपी (कामाची लेखी कार्यपद्धती) वाचायची, सही ठोकायची आणि फाइल ऑडिटला तयार. सहीने कोणी शिकत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी चालतं. मला याची चीड येते.

यंदा नवे ऑपरेटर आले. त्यांचा तास कॉम्प्रेशनचे, म्हणजे गोळ्या दाबून बनवणाऱ्या विभागाचे, सुपरवायझर घेणार होते, पेडण्याहून कंपनीच्या बसने येणारे. त्यांच्या स्लाइड्समध्ये टॅब्लेट प्रेसचं, म्हणजे गोळ्या दाबणाऱ्या मशीनचं, सगळंच होतं: पंच (दाब देणारा दांडा), डाय (गोळीचा साचा), कॅम (पंच वरखाली करणारा भाग), साफसफाई, नोंदी. उद्दिष्ट एकच, 'मशीनची माहिती होणे'.

"दादा, तास संपल्यावर पोरं काय करून दाखवतील?"

"मशीन कळेल त्यांना, बाय."

"कळलं हे तुम्ही कशावरून ओळखणार?"

ते गप्प झाले. उद्दिष्टात कृती, परिस्थिती आणि निकष हवेत हे प्रशिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी 1962 सालीच लिहून ठेवलंय, पण ते जाणकारांसमोर काढलं की माणूस फॉर्म भरायला लागतो. म्हणून मी विचारलं, "रात्रपाळीतून तुम्हाला घरी फोन कशासाठी येतो?"

मग दादा थांबेनात. गोळीची टोपी सुटते, म्हणजे कॅपिंग होतं, आणि नवा मुलगा सरळ दाब वाढवतो. त्याने बहुतेकदा बिघडतंच. आत हवा अडकलेली असते. आधी वेग कमी करायचा, प्री-कॉम्प्रेशन (मुख्य दाबाआधीचा हलका दाब) बघायचं, ग्रॅन्युल्समध्ये, म्हणजे औषधाच्या दाण्यांत, भुकटी जास्त आहे का, ओल कमी पडली का, ते तपासायचं. पावसाळ्यात उलटं: ओल धरलेला माल पंचाला चिकटतो. पोरं दोन्हीवर एकच उपाय करतात.

तिथेच उद्दिष्ट लिहिलं: 'सदोष गोळ्यांचे ट्रे समोर ठेवल्यावर ऑपरेटर कॅपिंग, लॅमिनेशन (पदर सुटणं), स्टिकिंग (पंचाला चिकटणं) वेगवेगळं ओळखेल आणि मशीनला हात लावण्याआधी पहिली तपासणी सांगेल, दहापैकी नऊ ट्रे बरोबर.' कॅमच्या स्लाइड्स दादांनी स्वतःच काढल्या.

तासाला क्यूएच्या (गुणवत्ता विभागाच्या) परवानगीने बाजूला काढलेल्या गोळ्या मांडल्या. सांग्याची एक मुलगी गोळीची कड निरखून म्हणाली, "ही टोपी नाही, मधले पदर सुटलेत." दादांचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता.

बाहेर पडताना ते म्हणाले, "बाय, आणि आवाजाचं काय?"

वंगण कमी पडलं की गोळी डायमधून निघताना मशीन किरकिरतं. दादांना ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला कळतं, गोळी बिघडण्याआधी. पण चांगल्या बॅचला मशीन किरकिरत नाही, आणि शिकवण्यासाठी वाईट बॅच कोण चालवू देणार? उत्पादन विभागात मोबाइलला बंदी, म्हणून रेकॉर्डरच्या परवानगीचा अर्ज मी दिलाय. पण किती आवाज ओळखले म्हणजे कान तयार झाला म्हणायचा, हे अजून दादांनाही सांगता येत नाही आणि मलाही.