शेगडी पेटायला २३ दिवस लागले

स्वयंपाक आम्हाला येत होता. उदगीरहून पुण्याला येताना आईने येसर (आमटीला लावायचं भाजलेल्या धान्य-मसाल्यांचं पीठ), मेतकूट, काळं तिखट आणि तीन लिटरचा कुकर बांधून दिला होता. धनकवडीत तिघींनी मिळून वन आरके घेतलं, तेच मेस सुटावी म्हणून. मेसचे महिन्याला ३,२०० रुपये जायचे, रविवारी संध्याकाळी ती बंद, आणि सलग तीन दिवस गावाला गेलो तरच खाडा धरणार. खोली मिळाली, तुळशीबागेतून भांडी आणि एका बर्नरची शेगडी आणली. अडलं ते गॅसपाशी, आणि त्याचा राग अजून जात नाही.

जवळच्या गॅस एजन्सीत गेले. खिडकीपलीकडच्यांना म्हटलं, "काका, पाच किलोचा लहान सिलिंडर हवाय." त्यांनी मान वर न करता विचारलं, "पत्त्याचा पुरावा?" मी आधार पुढे केलं. "हे उदगीरचं. इथला भाडेकरार आणा, नोंदवलेला."

मालकीणकाकू जिवाला जीव देणाऱ्या, पण कराराचं नाव काढलं की, "होईल गं बाळा, हे गावाहून आले की करू." लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची, असं १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५मध्ये आहे. मी तेही वाचून दाखवलं. काका गावाहून आले बारा दिवसांनी. तोवर आमचं जेवण म्हणजे विजेच्या किटलीत उकडलेली अंडी आणि दहीपोहे. इंडक्शन चालणार नाही, मीटर एकच आहे, हे काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

करार घेऊन गेले तर, "यात नाव दुसऱ्या मुलीचं आहे, तिलाच पाठवा." तिचं प्रॅक्टिकल असायचं तेव्हाच खिडकी उघडी. शेवटी तिने एक प्रॅक्टिकल बुडवलं. तेव्हा कळलं की शेगडीही तिथूनच घ्यावी लागेल. आमच्याकडे शेगडी आहे म्हटल्यावर, "मग थांबा, नंबर लागला की फोन करू." शेगडी घ्यायची सक्ती कुठलीही एजन्सी करू शकत नाही, हे मला माहीत होतं आणि मी ते सांगितलंही. फोन आला नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण नवीन आलेल्या मुली इथेच हात टेकतात आणि दुप्पट पैसे देऊन कुठूनतरी भरलेली टाकी आणतात. तसल्या बिनकंपनीच्या टाक्या दुकानात भरून घेऊ नका. ते बेकायदा आहे आणि जिवावर बेतू शकतं.

तेविसाव्या दिवशी मैत्रिणीच्या स्कूटीत पेट्रोल भरायला गेलो, तर पंपाच्या ऑफिसबाहेर जाळीच्या पिंजऱ्यात लहान सिलिंडर रचलेले. "दादा, हे कसे मिळतात?" "आधार द्या ताई, मोबाइल नंबर लिहा." "इथला पत्ता?" "लागत नाही." दहा मिनिटांत सिलिंडर स्कूटीवर दोघींच्या मधे होता.

नंतर कळलं ते असं. पाच किलोचा सिलिंडर दोन प्रकारांनी मिळतो. एक घरगुती जोडणीवर, त्याला पत्ता लागतो. दुसरा फ्री ट्रेडचा, २०१३ पासून मिळतो, त्याला फक्त ओळखपत्र लागतं. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२०मध्ये त्यालाच 'छोटू' नाव दिलं. शिकायला किंवा कामाला परगावाहून आलेल्यांसाठीच तो काढलेला आहे. आणि तो फक्त पंपावर मिळतो असं नाही, एजन्सीतही मिळतो. म्हणजे त्या खिडकीतून पहिल्याच दिवशी एक वाक्य आलं असतं तर आमचे तीन आठवडे वाचले असते. म्हणून जाल तिथे नुसतं "लहान सिलिंडर" म्हणू नका, "फ्री ट्रेडचा पाच किलोचा" असंच म्हणा. घरगुतीपेक्षा तो किलोमागे महाग पडतो, तरी मेसपेक्षा परवडतो. रेग्युलेटर आणि नळी वेगळी घ्यावी लागते.

त्या संध्याकाळी येसराची आमटी केली. येसर आधी गार पाण्यात कालवून घेतलं, नाहीतर गुठळ्या होतात. तेलात मोहरी तडतडली, ठेचलेला लसूण लाल झाला, मग काळं तिखट टाकून लगेच कालवलेलं येसर ओतलं, कारण तिखट क्षणात जळतं. उकळी आली तशी आमटी दाटायला लागली आणि सगळी खोली आमच्या घरासारखी वासाने भरली. भात, आमटी, वर कच्चं तेल. तिघी पातेलं पुसून जेवलो.

आता किराणा, भाजी, दूध, गॅस धरून तिघींचे महिन्याला ५,४०० होतात, म्हणजे एकीचे १,८००. सिलिंडर पंचवीस-सव्वीस दिवस पुरतो, कारण डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवल्याशिवाय कुकर चढवत नाही. खिचडीला एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, चार वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. भाजी रात्री आठनंतर आणायची, तेव्हा उरलेल्या भाजीचे वाटे दहा-वीस रुपयांना लावतात. मटकी सकाळी भिजवा, रात्री फडक्यात बांधा, दुसऱ्या संध्याकाळी मोड आलेले असतात.

सिलिंडरचं एक राहिलं. घेताना काट्यावर ठेवायला सांगा. रिकाम्याचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, त्यात पाच मिळवून बघा. वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ती तपासणीची मुदत: ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत. मुदत उलटून गेलेला असेल तर बदलून मागा. आमचा दुसरा सिलिंडर तसाच निघाला होता, पंपावरच्या दादांनी लगेच बदलून दिला.