यूजर नॉट रीचेबल, म्हणून टिकिट क्लोज्ड

आमचं ऑफिस बाणेरला तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला बाहेरून सगळी चकाचक काच. ऊन तापू नये म्हणून त्या काचेला धातूचा पातळ थर असतो आणि तोच मोबाईलची रेंजपण अडवतो. जिन्याच्या खिडकीपाशी दोन कांड्या, पँट्रीत एक, माझ्या टेबलावर शून्य. ओटीपी बघायला जिन्यात जाऊन परत येईपर्यंत बँकेच्या पेजचा टायमर संपलेला असायचा.

साहेबांनी आधी ऑनलाइन बूस्टर, म्हणजे रेंज वाढवायचं यंत्र, शोधला. तो घेऊ नका. परवान्याशिवाय बूस्टर लावणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे, मिळतो म्हणजे चालतो असं नाही, आणि त्याच्या सिग्नलच्या गोंगाटाने टॉवरला त्रास होऊन आजूबाजूच्यांचेही कॉल तुटतात. मोबाईल कंपनीकडे तक्रार केली तर त्यांचा माणूस येऊन बघून गेला, बिल्डिंगच्या आत अँटेना टाकायचे तर मालकाची परवानगी पाहिजे आणि खर्चाच्या मानाने ग्राहक पाहिजेत, आमच्या साठ जणांसाठी कोण करतंय.

मग राहिलं वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून नेहमीच्याच नंबरचे कॉल. एअरटेल, जिओने २०१९-२० च्या सुमाराला सुरू केलंय, वेगळे पैसे नाहीत, फोनच्या सेटिंगमध्ये चालू केलं की झालं. माझ्या घरी चाललं. ऑफिसच्या वायफायवर मात्र नाही म्हणजे नाहीच.

इथून पुढे दीड महिना गेला. आमचं आयटी खातं हेड ऑफिसला बसतं, सगळं टिकिटावर, म्हणजे ऑनलाइन फॉर्म भरून नोंदवलेल्या तक्रारीवर चालतं. पहिलं टिकिट टाकलं, 'वायफाय कॉलिंग चालत नाही.' तीन दिवसांनी उत्तर, वायफायचा स्पीड चेक केला, ओके आहे, टिकिट क्लोज्ड. अरे पण स्पीडबद्दल बोललं कोण? दुसरं टाकलं, त्यात सविस्तर लिहिलं. ते क्लोज झालं आणि खाली शेरा, 'यूजरला मोबाईलवर तीनदा कॉल केला, नॉट रीचेबल.' मी स्क्रीनकडे बघतच बसले. फोन लागत नाही ही तक्रार, आणि फोन लागत नाही म्हणून तक्रार बंद! तिसऱ्यांदाही तेच. तेव्हा मोबाईल नंबर भरायच्या रकान्यात लँडलाइनचा नंबर टाकायला गेले तर फॉर्मला दहाच आकडे आणि सुरुवात सहा ते नऊनेच पाहिजे.

शेवटी चिडून मीच कामाला लागले. घरून जुना राउटर आणला, शनिवारी कोणी नसताना (साहेबांना विचारून हं) ब्रॉडबँडची वायर फायरवॉलच्या (ऑफिसच्या नेटवर काय जाऊ-येऊ द्यायचं ते ठरवणारा पहारेकरी) आधीच त्याला लावली, आणि पहिल्याच झटक्यात कॉल लागला. म्हणजे आमचा फायरवॉल अडवत होता. वायफाय कॉलिंगमध्ये फोन मोबाईल कंपनीच्या सर्व्हरपर्यंत एक बंदिस्त बोगदा करतो, त्याला यूडीपीचे (डेटा पाठवायची एक पद्धत) ५०० आणि ४५०० हे दोन पोर्ट, म्हणजे नंबर दिलेली दारं, बाहेर जायला उघडे लागतात. चौथ्या टिकिटात हे दोन आकडे, दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट आणि पहिलीच ओळ ठळक, 'मोबाईलवर कॉल करू नये, मेल करावा.' चाळीस मिनिटांत झालं! चाळीस मिनिटं, आणि आधीचा दीड महिना.

तुम्हीपण टिकिटात 'चालत नाही' लिहू नका, पोर्टचे आकडेच लिहा. आणि हे मी सुरुवातीला करायला हवं होतं, रेंज कांड्यांवर मोजू नका. अँड्रॉइडला अबाउट फोनमध्ये सिम स्टेटसला डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) आकडा दिसतो, उणे ८५-९० म्हणजे बरं, उणे ११५ च्या पुढे गेलं की विसरा. माझ्या टेबलावर उणे १२१ होता.

अजून एक, थोडीशी जरी रेंज असली तर काही फोन त्या मरतुकड्या सिग्नललाच चिकटून राहतात, तेव्हा एअरप्लेन मोड टाकून फक्त वायफाय चालू करायचं. फोनला व्हीपीएन (सगळं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारं अ‍ॅप) असेल तर तोही बंद करून बघा. आता टेबलावर कॉल येतात, ओटीपीही येतात. आमच्या शिपाई काकांचा फोन साधा बटणांचा, ते अजून जिन्याच्या खिडकीतच जातात.