डिशखालची पट्टी

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरीत, पेशंटच्या घरी जाऊन उपचार करणारी होम हेल्थ फिजिओथेरपिस्ट म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका जुन्या नर्सनं बजावलं होतं, "पेशंटच्या घरी खायचं नाही, भेट घ्यायची नाही, हा कंपनीचा नियम. आणि अलाबामात तो पाळता येत नाही, हेही लक्षात ठेव."

मी मिरजेची. आल्या-गेल्याला चहा न विचारता सोडणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण आपला आग्रह आणि इथला आग्रह यांत फरक आहे. आपण नको-नको म्हणेपर्यंत ताटात वाढून मोकळे होतो. इथं तुमचा नकार शांतपणे ऐकून घेतात, मान डोलावतात, आणि निघताना बघावं तर गाडीच्या टपावर फॉइल लावलेली प्लेट ठेवलेली असते.

ही गोष्ट ज्यांची, त्या पेशंट 82 वर्षांच्या. नाव लिहीत नाही. तसंही इथं मोठ्या बाईचं नुसतं नाव कुणी घेत नाही. पहिल्या नावाआधी 'मिस' लावायचं, मग तिला पणतवंडं का असेनात. मी इथं त्यांना आजी म्हणते. पोर्चच्या पायरीवर पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, सांधा बदलला होता. ऑपरेशन मागच्या बाजूनं केलेलं, त्यामुळे तीन पथ्यं: कमरेत 90 अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही.

पथ्यं पाळायच्या. व्यायाम मात्र करायच्या नाहीत. चार मिनिटं उभ्या राहिल्या की, "बेबी, माझ्यात आता जीव नाही," म्हणून खुर्चीत. तीन आठवडे मी नोंदवहीत तेच तेच लिहीत होते. आणि फ्रिज गच्च भरलेला. चर्चमधल्या बायका आळीपाळीनं जेवण आणून देत होत्या आणि आजी त्याला हात लावत नव्हत्या. एकदा म्हणाल्या, "पन्नास वर्षं मी लोकांच्या दारात डिश घेऊन गेले. आता माझ्या दारात येतात ते मला बघवत नाही." आजारपण त्यांना एवढं लागलं नव्हतं. घेणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसावं लागलं, ते लागलं होतं.

नोव्हेंबरातला शनिवार, माझी वीकेंडची ड्युटी. साडेनऊला पोचले तर खुर्ची रिकामी. आजी स्वयंपाकघरात, वॉकर बाजूला ढकललेला, एक हात ओट्यावर, आणि खालच्या कपाटाकडे वाकायच्या बेतात.

मी दारातूनच ओरडले. "नव्वद! नव्वद अंश!"

"मग तू काढ," त्या म्हणाल्या. "13 बाय 9 इंची डिश. काचेची. मागं असेल."

चाळीस वर्षं शेजारी राहिलेली बाई गेली होती. दुपारी एकला चर्चमध्ये अंत्यविधी, त्यानंतर जेवण. त्या जेवणाला इथल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये 'रिपास्ट' म्हणतात. घरच्यांना त्या दिवशी चूल पेटवू द्यायची नाही. आपल्याकडे शेजारून पिठलं-भात येतो, तसंच. मी म्हटलं, "तुम्ही स्वतःही जाऊ शकता. मेडिकेअरची, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याची, घरी थेरपी चालू असली तरी चर्चला आणि अंत्यविधीला जायला मुभा आहे."

"वॉकर ढकलत मी तिच्या शवपेटीपुढं जाणार नाही. पण डिश जाईल."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. शिवाय माझ्या डोक्यात दुसरंच शिजायला लागलं होतं. त्यांच्या कमरेला पट्टा बांधला, तो मागून धरला आणि म्हटलं, चला, करू या.

मॅकरोनी अँड चीज. चेडरचा ठोकळा घेऊन त्यांनी स्वतः किसला. पाकिटातलं किसलेलं चीज मी सुचवलं तर माझ्याकडे असं बघितलं, की पुरणपोळीला मिक्सरमध्ये पुरण वाटू का, असं मी माझ्या आजीला विचारलं असतं तर तिनं बघितलं असतं. त्या चिजाला पीठ चोळलेलं असतं, म्हणून ते नीट वितळत नाही, हे कारण मागाहून मिळालं. अंडी फोडली, आटवलेलं दूध ओतलं. अंड्यांसाठी फ्रिजपर्यंत ओट्याला धरून चार पावलं आडवी, परत चार पावलं आडवी. खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंसाठी हीच आडवी पावलं मी तीन आठवडे मागत होते. वरच्या फळीवरच्या मोहरीच्या पुडीसाठी टाचा उचलल्या, तोही व्यायाम झाला. त्या चीज बघत होत्या, मी घड्याळ. 23 मिनिटं उभ्या होत्या. ओव्हनमध्ये डिश मी सरकवली, कारण तिथं पुन्हा नव्वद अंश आडवे आले.

सरकवताना डिशचा तळ दिसला. मास्किंग टेपची पट्टी, भाजून तपकिरी झालेली, त्यावर बॉलपेननं आडनाव. इथं प्रत्येक घरातल्या डिशखाली अशी पट्टी असते. नाहीतर पन्नास जणींच्या पन्नास सारख्या डिशा, कुठली कुणाची कशी कळणार? मला हसू आलं. मिरजेच्या भांड्यांच्या दुकानात नाव घालून मिळतं, ते थरथरत्या पेनानं कोरलेलं, ठिपक्याठिपक्यांचं. कारण तेच. लग्नकार्यात भांडी फिरतात आणि परत यावी लागतात.

डिश भाजेपर्यंत आजी उंच उशीवर बसून आईबद्दल बोलल्या. 1955 च्या डिसेंबरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध माँटगोमेरीतल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार सुरू केला तेव्हा या चौदा वर्षांच्या. 381 दिवस आई कामाला चालत गेली, गोऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला. "आणि येताना गोड पाईचा तुकडा घेऊन यायची. गिलमोरबाईंच्या बायका विकायच्या त्यातला."

जॉर्जिया गिलमोर हे नाव मी तोवर फक्त माहितीफलकावर वाचलं होतं. त्यांनी बायका जमवल्या, तळलेलं चिकन, पाई, केक करून विकले आणि पैसे बहिष्काराच्या काळात लोकांना बसऐवजी नेणाऱ्या गाड्यांसाठी दिले. मालकिणींना कळलं तर नोकऱ्या जातील, म्हणून मंडळाचं नाव 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. पैसे आले कुठून, तर कुठूनच नाही. 1956 मध्ये बहिष्काराचे नेते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरच्या खटल्यात साक्ष दिल्यानंतर त्यांची स्वतःची स्वयंपाकिणीची नोकरी गेली, तेव्हा त्या घरूनच जेवण विकायला लागल्या. 1990 मध्ये, मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्या चिकन आणि मॅकरोनी चीज रांधत होत्या आणि त्यातच गेल्या. ते अन्न त्यांच्या दुखवट्याला आलेल्यांनी खाल्लं.

पर्यटनाच्या पत्रकांवर 'सदर्न हॉस्पिटॅलिटी' म्हणून पांढऱ्या खांबांचे बंगले असतात, मॅग्नोलियाची फुलं, बर्फ घातलेला गोड चहा. तो चहा त्या बंगल्यांत कोण उकळत होतं, साखर गरम असतानाच कोण विरघळवत होतं, हे पत्रकात नसतं. एवढं मला तिथं बसून कळलं, आणि त्यानंतर तो शब्द मी जरा जपून वापरते.

साडेअकराला भाच्याचा फोन. गाडी बंद पडलीय, डिश न्यायला येऊ शकत नाही. आजी काही बोलल्या नाहीत. नुसत्या ओव्हनकडे बघत राहिल्या. पेशंटला स्वतःच्या गाडीत बसवायचं नाही, असा आमचा नियम आहे. मॅकरोनीबद्दल त्यात काही नाही.

माझ्या थंड-गरम ठेवायच्या पिशवीत डिश कशीबशी बसली, बाजूला माझा डबा खोचला. रस्त्यात समोरून दुसरीच एक अंत्ययात्रा आली, दिवे लावलेल्या गाड्यांची रांग. सगळे कडेला थांबले, मीही थांबले. इथं आल्यावर पहिल्या वर्षी मी अशीच एक रांग ओलांडून सुसाट पुढं गेले होते. पुढच्या सिग्नलला शेजारच्या म्हाताऱ्यानं काच खाली करून, "ब्लेस युअर हार्ट," म्हटलं आणि मी थँक यू म्हणाले. ती शिवी होती, हे कळायला वर्ष गेलं.

चर्चच्या मागच्या दारानं स्वयंपाकघर. पाच-सहा बायका, एप्रन, लांब टेबलं. दाराशी एकजण वही घेऊन बसलेल्या: कुणी काय आणलं, कशात आणलं. नंतर घरच्यांकडून आभाराचं पत्र जातं, त्यासाठी. मी आजींचं नाव सांगितलं. तेवढ्यात दुसरीनं माझी पिशवी रिकामी केलीसुद्धा. मॅकरोनी टेबलावर, आणि शेजारी माझा डबा, झाकण उघडून, चमचा खोचून. मसालेभात.

ते माझं दुपारचं जेवण आहे, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. दोघीजणी वाकून वास घेत होत्या.

"वर काय कोरलंय, हनी?"

'मावशीकडून सप्रेम'. 2014 मध्ये निघताना मावशीनं घालून दिलेलं. मी म्हटलं, मावशी म्हणजे आईची बहीण, तिनं प्रेमानं दिलाय. वहीवाल्या बाईंनी मान डोलावली, जवळची एक डिश उलटी करून खालची पट्टी मला दाखवली, आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी निघाले तर हातात फॉइल लावलेली प्लेट. पार्किंगमध्ये गाडीत बसून खाल्ली. कॉलर्ड्सची पालेभाजी, कॉर्नब्रेड, भरलेलं अंडं, आणि आजींच्या डिशचा कोपरा, करपलेला, सगळ्यात चांगला भाग.

सोमवारी आजी पोर्चच्या पायऱ्या उतरायला तयार झाल्या. उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला आधी. फ्रिजमधलं कुणीतरी दिलेलं सूपही संपलेलं दिसलं. मी त्याबद्दल काही विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी त्यांनी माझ्या हातात एक पाकीट दिलं. जाड कागद, निळी शाई, वळणदार अक्षर. वर नाव: 'मिस मावशी'. आत, दुःखाच्या वेळी आठवण ठेवून पिवळा भात पाठवलात, आमच्या घरानं तो शेवटच्या शितापर्यंत खाल्ला, असं.

मी फोटो काढून मिरजेला पाठवला. पाच मिनिटांत मावशीचा फोन. तिला अर्थ सांगितला, सगळी हकीकत सांगितली. गप्प झाली. मग म्हणाली, "ते सगळं ठीक आहे. डबा परत आला का?"

डबा आजींच्या ओट्यावर होता. रिकामा परत द्यायचा नाही म्हणून त्या रोज ओट्याशी उभ्या राहून अक्रोडासारखे पिकान सोलत होत्या, आणि अजून तो भरला नव्हता.