टॉर्पेडो मोजणाऱ्या प्रेक्षकाचे उत्तर

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. विज्ञानकथेच्या मालिका इतक्या बारकाईने पाहून, त्यांतल्या विसंगती टिपत बसल्यावर पाहण्याची मजा उरते तरी कशी, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. माझे उत्तर असे की बहुतेक विसंगतींनी माझा रसभंग होत नाही. एका प्रकारच्या विसंगतीने मात्र हमखास होतो. हा फरक ‘स्टार ट्रेक’च्या आधारे सांगणे सोपे जाते, कारण १९६६ पासून असंख्य लेखकांच्या हातांतून गेलेल्या या मालिकांच्या गोतावळ्यात दोन्ही प्रकार मुबलक सापडतात.

मूळ मालिकेच्या दुसऱ्या पायलट भागात (वाहिनीला नमुना म्हणून दाखवायला केलेल्या भागात) दैवी म्हणाव्यात अशा शक्ती लाभलेला गॅरी मिचेल आपल्या कप्तान मित्राचे थडगे आधीच तयार करून ठेवतो आणि त्या दगडावर ‘जेम्स आर. कर्क’ असे नाव दिसते. पुढे कर्कच्या नावातले मधले अक्षर ‘टी’ ठरले, दगडावरचे मात्र तसेच राहिले. शिवाय हा भाग प्रक्षेपणात तिसरा आल्यामुळे, आधीच्या दोन भागांत भेटलेले डॉक्टर मॅकॉय यात नाहीतच आणि गणवेशही निराळे आहेत. याचे कारण कथेत शोधून सापडणार नाही, ते वाहिनीच्या वेळापत्रकात आहे: भाग ज्या क्रमाने चित्रित झाले त्या क्रमाने दाखवले गेले नाहीत. घरात बसून एखादे दृश्य थांबवून पाहण्याची सोय नसलेल्या काळात हे खपूनही गेले. मिचेलला मित्राचे नाव नीट आठवले नसेल, असे म्हणून मी पुढे जातो.

१९८२ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात खान हा खलनायक कर्कच्या हाताखालच्या चेकॉव या अधिकाऱ्याला पाहताक्षणी ओळखतो. पण खानची मूळ कथा १९६७ साली पहिल्या पर्वात दाखवली गेली होती आणि चेकॉव हे पात्र दुसऱ्या पर्वात आले, ही तर चाहत्यांच्या चर्चेतली सर्वांत लाडकी चूक. चेकॉव तेव्हा अंतराळजहाजाच्या दुसऱ्या कुठल्या तरी विभागात कामाला असेल, हे स्पष्टीकरण मला पुरते. एवढ्या मोठ्या जहाजात कॅमेरा न पोहोचलेल्या खोल्या असणारच.

कधी कधी दुरुस्तीच अधिक खटकते. मूळ मालिकेतल्या क्लिंगॉन या परग्रहवासी जमातीची कपाळे सपाट होती, १९७९ च्या चित्रपटापासून त्यांवर उंचवटे आले. खरे कारण रंगभूषा आणि तिच्यासाठी उपलब्ध असलेला पैसा हे होते. १९९६ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ या याच गोतावळ्यातल्या मालिकेच्या एका भागात वॉर्फ या क्लिंगॉन अधिकाऱ्यासमोर त्याचे जुन्या काळातले सपाट कपाळाचे जातभाई येतात, सहकारी त्याच्याकडे चमकून पाहतात आणि तो एवढेच सांगतो की याविषयी आम्ही बाहेरच्यांशी बोलत नाही. प्रश्नाची दखल घेतली गेली, पात्राचा ताठाही कायम राहिला. तरीही २००५ मध्ये ‘एंटरप्राइझ’ या आणखी एका मालिकेने जनुकीय प्रयोगातून पसरलेल्या विषाणूची दोन भागांची कथा रचून या कपाळांचा साग्रसंगीत खुलासा केलाच. तो तर्काला धरून आहे, पण मला वॉर्फचे ते एक वाक्य अधिक मोलाचे वाटते.

आता जी विसंगती मला खरोखर खुपते ती. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हॉयेजर’ या ‘स्टार ट्रेक’ मालिकेमध्ये एक जहाज घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षे दूर फेकले जाते आणि परतायला सुमारे पंचाहत्तर वर्षे लागतील असे सांगितले जाते. पहिल्याच पर्वात संवाद येतो की जहाजावर ३८ फोटॉन टॉर्पेडो (शत्रूवर डागायची अस्त्रे) आहेत आणि ते संपले की नवे मिळण्याचा मार्ग नाही. इथे लेखकांनी स्वतःहून प्रेक्षकाच्या हाती हिशेबाची वही दिली आहे. मालिकेच्या सात पर्वांत ३८ पेक्षा कितीतरी अधिक टॉर्पेडो सुटतात, फुटलेले जहाज पुढच्या आठवड्यात चकचकीत दिसते आणि कप्तान जेनवेला ‘आता टॉर्पेडो वापरू की राखून ठेवू’ असा पेच पडेनासा होतो. कर्कचे मधले अक्षर चुकले म्हणून त्याचा कुठलाही निर्णय हलका होत नाही. इथे मात्र टंचाई खोटी ठरली की जेनवेच्या निर्णयांमागची जोखीमही खोटी ठरते.

याच ‘व्हॉयेजर’मध्ये थोडा काळ काम करून बाहेर पडलेले रोनाल्ड मूर यांनी नंतर ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ नव्याने उभी केली आणि तिथे मानवजातीच्या संहारातून वाचून जहाजांच्या ताफ्यात निघालेल्या माणसांचा आकडा थेट शीर्षकदृश्यात आणला. ‘३३’ नावाच्या भागाच्या अखेरीस अध्यक्षा रॉसलिन यांना ताफ्यात एक मूल जन्मल्याचे कळते आणि त्या स्वतः फळ्यावर लिहिलेला वाचलेल्यांचा आकडा वाढवून ४७,९७३ करतात. पुढे या मालिकेतही सुटलेले धागे बरेच निघाले आणि शेवटावर तर अजून वाद चालतो. त्या वादात मी हिरिरीने भाग घेतो. पण माणूस गमावला की आकडा उतरतो, हा शब्द तिने पाळल्यामुळे बाकीच्या चुका मी सहज पोटात घालतो. ‘व्हॉयेजर’ला तर एवढेही करायची गरज नव्हती. टॉर्पेडो मिळवण्यासाठी जेनवेला कोणाशी तरी नको असलेला सौदा करावा लागला, असा एखादा भाग लिहिला असता, तर हिशेबही जुळला असता आणि एक चांगली कथाही पदरात पडली असती.