पंचेचाळिसावी काडी

अंगणवाडीच्या भिंतीवर एक ते शंभरचा तक्ता असतोच. कुणी पाहुणे आले, की एखाद्या चुणचुणीत पोराला उभं करतात. ते हात मागे बांधतं, नजर छताला लावतं आणि 'एक'पासून 'पन्नास'पर्यंत एका दमात म्हणून दाखवतं. टाळ्या होतात. टाळ्या विरल्यावर त्याच पोरापुढे सात चिंचोके टाकावेत आणि विचारावं, "किती आहेत रे?" खरी गंमत तिथून पुढे.

आकडे म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. म्हणणं गाण्यासारखं असतं, चाल बसली की झालं. मोजताना तोंड, डोळा आणि बोट एकाच ठेक्यात चालावं लागतं, आणि साडेतीन वर्षांच्या मुलाचं बोट तोंडाच्या पुढे पळतं. त्यात मराठीची स्वतःची एक खोडी आहे. एक, दोन, तीन, चार, पाच हे सगळे एका झटक्यात संपणारे शब्द. एका शब्दाला एक चिंचोका, ठेका छान जमतो. मग येतो 'सहा'. 'स'ला एका चिंचोक्यावर बोट आणि 'हा'ला पुढच्यावर. सात चिंचोके सहा भरतात आणि मुलाचा चेहरा निःशंक!

यावर ओरडून उपयोग नाही. बोट ठेवून मोजायला लावूच नये. चिंचोका उचलायचा, स्टीलच्या वाटीत टाकायचा, टण् आवाज आला की मगच पुढचा आकडा. उचललेला चिंचोका ढिगात उरत नाही, त्यामुळे दोनदा मोजलाही जात नाही. वस्तू आधी ओळीत द्याव्यात, नंतर विस्कटलेल्या, आणि गोल मांडलेल्या अगदी शेवटी. गोलात कुठून निघालो ते लक्षात राहत नाही आणि पोरगं देवळाला प्रदक्षिणा घातल्यासारखं मोजतच राहतं. आणखी एक: तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाती चिंचोके नकोतच. नाकात, कानात, घशात कुठेही जातात. चणे-वाटाणे तर त्याहून वाईट, ते आत ओलाव्याने फुगतात.

समजा, मूल नीट मोजून सातवर थांबलं. "मग किती झाले?" असं विचारलं, की पुष्कळ मुलं पुन्हा एकपासून सुरू करतात. त्यांच्या लेखी 'सात' हे त्या शेवटच्या चिंचोक्याचं नाव असतं, जसं रांगेतल्या शेवटच्या मुलीचं नाव सोनाली. शेवटचा आकडा सगळ्या ढिगाचा असतो, ही उडी मोठी आहे. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजण्याची पाच तत्त्वं मांडली, त्यातलं हे एक. ते आलंय का हे बघायचं असेल, तर ढीग मोजायला न लावता "मला चार दे" म्हणावं. न कळलेलं मूल मूठभर देऊन मोकळं होतं. 'एक' पक्का झाल्यावर 'दोन' पक्का व्हायला कित्येक महिने जाऊ शकतात. म्हणून बालवाडीत दहापर्यंतची समज पुरे. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, सत्तावीस बोलताना सात आधी पण लिहिताना दोन आधी, ही कसरत पुढे आहेच. त्यावरून २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीससाठी सुचवलेल्या 'वीस सात'ने मोठ्या माणसांनाच केवढं भांडायला लावलं होतं!

अंगणवाडीतलं सगळ्यात चांगलं गणित तक्त्यावर नसतं, ते खिचडीच्या वेळी असतं. मदतनीस ताई पातेलं उतरवते आणि त्या दिवशी वाढपी झालेली दोन मुलं ताटं मांडायला घेतात. इथे आकड्यांची गरजच नाही. एका मुलापुढे एक ताट, बस्स. ताटं पुरली की नाही हे शेवटाला गेल्यावर आपोआप कळतं. पण इथेही घोटाळे होतात. वाढपी स्वतःला धरायला विसरतात आणि दोन ताटं कमी पडतात. कुणी मैत्रिणीच्या शेजारची जागा धरायला म्हणून रिकाम्या जागेपुढे ताट ठेवतं. अशा वेळी ताईने पटकन ताट आणून दिलं, तर गणित तिथेच संपलं. "अजून किती आणू?" एवढंच विचारून तिने थांबावं. भुकेली मुलं हे उत्तर फार चटकन काढतात.

हजेरीचंही तसंच. दाराशी दोन टोपल्या ठेवायच्या, एक 'घर' आणि एक 'शाळा'. पटावर जेवढी मुलं तेवढे खडे घरात. आलेल्या प्रत्येकाने आपला एक खडा शाळेत टाकायचा. सगळे बसले की घराच्या टोपलीत उरलेले खडे मोजायचे. तीन उरले, म्हणजे तिघं आली नाहीत. कोण, ते मात्र खडे सांगत नाहीत. त्यासाठी एकमेकांची तोंडं बघावी लागतात, आणि मग बातम्या फुटतात: एकाला ताप आहे, एक मामाच्या गावाला गेलाय, तिसरी अजून न्हातेय. बेरीज-वजाबाकीचं नाव न घेता वजाबाकी होते. एक पथ्य पाळायचं. उत्साही मुलं दोन खडे टाकतात, म्हणून टोपलीपाशी पहिले काही दिवस कुणीतरी बसलेलं हवं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. मारिया माँटेसोरी या इटालियन शिक्षणतज्ज्ञ बाईंची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून आणणार? पानं, बिया, शंख-शिंपले हीच साधनं झाली. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकासाची सरकारी योजना आली, तिच्या केंद्रांचं नावही अंगणवाडीच.

त्याच रीतीने माँटेसोरीची काड्यांची पेटीही फुकटात होते. मूळ पेटीत शून्य ते नऊ असे दहा कप्पे आणि ४५ लाकडी काड्या असतात. आपण दहा करवंट्या घ्यायच्या, कडा घासून गुळगुळीत करायच्या, खाली वाळूची चुंबळ करून डगमगणार नाहीत अशा बसवायच्या. प्रत्येकीपुढे खडूने आकडा. काड्या शेवग्याच्या नकोत, वाळल्या की मोडतात. निरगुडीच्या, बोटभर लांबीच्या, साल काढलेल्या चांगल्या. काड्या नेमक्या ४५ च हव्यात, कारण सगळी करामत त्यातच आहे. एक ते नऊची बेरीज ४५. कुठल्याही करवंटीत एक जास्त पडली, की नऊच्या करवंटीला एक कमी पडते. चूक झाली हे ताईला सांगावं लागत नाही, करवंटीच सांगते. आणि शून्याची करवंटी! तिच्यात काहीतरी टाकल्याशिवाय मुलांना राहवत नाही. रिकामी करवंटी बघून त्यांना तिची दया येते. एखादं मूल दुसरीकडची काडी काढून हळूच तिच्यात ठेवतं.

खेळ संपला की काड्या मोजून डब्यात. बहुतेक दिवशी ४४ भरतात. मग सतरंजी झटकायची, खिसे उलटे करायचे, दप्तरं पालथी घालायची. पंचेचाळिसावी बरेचदा कुणाच्या तरी वेणीत खोचलेली सापडते.