छिन्नीच्या आधी

काल आमच्या लॉजच्या, म्हणजे फ्रीमेसन बंधुसंघाच्या शाखेच्या, सभेत नव्या बंधूला पहिल्या पदवीची हत्यारे (पाथरवटाची हत्यारे, पण प्रतीके म्हणून) समजावून देताना मी छिन्नीपाशी थांबलो, आणि मागच्या रांगेतून कोणीतरी हलक्या आवाजात मला पुढचा शब्द पुरवला. मी विसरलो नव्हतो. हे वाक्य कालपासून मनाशी इतक्या वेळा म्हटले आहे, की आता ते मलाच संशयास्पद वाटू लागले आहे.

चोवीस इंची पट्टी म्हणजे दिवसाचे २४ तास, त्यांतले काही प्रार्थनेसाठी, काही काम आणि विसाव्यासाठी, काही अडचणीतल्या बंधूसाठी. हातोडा म्हणजे सदसद्विवेकाची ताकद. आणि छिन्नी म्हणजे शिक्षण. हे सारे छापील पुस्तकांत आहे, त्यात गुपित काही नाही. (जी गुपिते आहेत तीही बाहेरच्यांना वाटतात तितकी रंजक नाहीत.) मात्र हातोड्यानंतर थांबायचे, समोरच्याची नजर हत्यारावरून आपल्या चेहऱ्याकडे येऊ द्यायची आणि मगच छिन्नी उचलायची, हे कोणत्याही पुस्तकात नाही. ज्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतले ते तसे थांबत असत. पाठांतर मला एका पावसाळ्यात जमले. त्या थांबण्याला पुष्कळ वर्षे लागली.

चूक झाली असती आणि कोणी ती सुधारली असती, तर मला काही वाटले नसते. लागले ते त्या आवाजातले मार्दव. शब्द इतक्या तत्परतेने आला, की तो आधीपासूनच ओठांवर तयार असावा. म्हणजे मी उभा राहिलो तेव्हाच हा विसरणार असे त्या मुलाने धरले होते. आणखी कोणी कोणी तसे धरले असेल? गेल्या महिन्यात मोठे भाषण माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिले, तेही याच काळजीपोटी का? असो. पण आठवण करून देण्याचे काम ज्यांच्याकडे सोपवलेले असते ते गप्प राहिले, यावरून निदान त्यांना तरी माझे थांबणे कळले असावे. का ते पेंगत होते?

आज दुपारी दुसऱ्या पदवीचे भाषण पुन्हा काढून बसलो. व्याकरण, वक्तृत्व, तर्क, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या सात विद्यांचा तिथे उल्लेख आहे. पैकी अंकगणित नोकरीने घोटून घेतले, संगीत आणि खगोल अजून कोरे आहेत, आणि वक्तृत्व मला येते असे मी काल संध्याकाळपर्यंत समजत होतो. पण ज्या थांबण्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी वहीत लिहून समजवावा लागतो, त्याला वक्तृत्व म्हणणे कठीण आहे. शिवाय याच मुंबईत माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना भारतीय म्हणून लॉजमध्ये प्रवेश नाकारला होता, त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली, आणि १८४३ मध्ये इथे भारतीयांनाही सामावून घेणारे ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज निघाले. मला फक्त एक शब्द वेळेआधी मिळाला आहे.

मला शब्द पुरवणारा तो मुलगा पाठांतर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून लोकलमध्ये ऐकतो. संध्याकाळी त्याचा फोन आला, पुढच्या सभेत हत्यारे त्याला सांगायची आहेत आणि रविवारी मी त्याचे म्हणणे ऐकावे, अशी विनंती होती. मी हो म्हटले. ध्वनिमुद्रण कसे करायचे ते मलाही दाखव, असेही सांगून टाकले. थांबण्याविषयी मात्र त्याला आधी काही सांगणार नाही; त्याच्या ध्वनिमुद्रणात तिथे किती जागा सुटली आहे, ते मला पाहायचे आहे.